पृथ्वीवर राहिलेले प्रेक्षक: ‘गनबस्टर’चं प्रकरण

‘गनबस्टर’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचं मूळ नाव ‘टोप्पु ओ नेराए!’. ते पहिल्यांदा वाचताना १९८८ सालच्या जपानी प्रेक्षकाला हसूच आलं असणार. नावाचा अर्थ साधारण ‘शिखरावर नेम धर’ असा. पण त्यात दोन ओळखीच्या गोष्टींची मुद्दाम सरमिसळ होती. एक म्हणजे सुमिका यामामोतो यांची १९७३ पासून गाजलेली, टेनिस खेळणाऱ्या मुलीची मांगा (जपानी चित्रकथा) मालिका ‘एस ओ नेराए!’. दुसरी, नुकताच येऊन गेलेला लढाऊ वैमानिकांचा हॉलिवूडपट ‘टॉप गन’. टेनिस कोर्टावरचे अश्रू आणि विमानांची घरघर एका नावात कोंबल्यावर लोक थट्टाच अपेक्षित धरणार. पहिल्या भागात ती मिळतेही. शाळेच्या मैदानावर महाकाय यंत्रमानव रांगेत उभे राहून कवायत करतात, जोर काढतात, आणि ते चालवणाऱ्या शाळकरी मुली घामाघूम होतात.

सहाव्या भागाच्या शेवटी हेच प्रेक्षक रडत होते. १९९० मध्ये जपानी विज्ञानकथेच्या चाहत्यांनी या मालिकेला सेइउन पुरस्कार दिला. हा पुरस्कार परीक्षकांचा नसतो, वार्षिक विज्ञानकथा संमेलनाला येणारी माणसं मतदान करून तो देतात. म्हणजे हा प्रेक्षकांचा लेखी कौलच म्हणायचा.

थट्टेपासून या कौलापर्यंतचा प्रवास कसा झाला, आणि पुढच्या तीसपस्तीस वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रेक्षकांनी ‘गनबस्टर’ कशी स्वीकारली, याचा हा अभ्यास. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ही मालिका टिकली ती यंत्रमानवामुळे नाही आणि तिच्या दिग्दर्शकाला पुढे मिळालेल्या नावामुळेही नाही. कथेतला काळ आणि प्रेक्षकाचा काळ यांची तिने जी गाठ मारली, तिच्यामुळे टिकली. नायिका प्रकाशाच्या वेगाने पुढे जाते, तरुण राहते. आपण पृथ्वीवर म्हातारे होतो.

बनवणारे आणि बघणारे

गायनॅक्स ही कंपनी १९८४ च्या डिसेंबरात स्थापन झाली. तिची मुळं मात्र ओसाकातल्या चाहत्यांच्या संमेलनांत होती. १९८१ आणि १९८३ च्या डायकॉन संमेलनांसाठी या पोरांनी हाताने काढलेले छोटे उद्घाटनपट बनवले, आणि दोन्हींत मध्यवर्ती पात्र होती एक मुलगी. १९८१ च्या पटात दप्तर पाठीला लावलेली एक चिमुरडी पेलाभर पाणी घेऊन निघते, वाटेत यंत्रांशी आणि राक्षसांशी लढते आणि ते पाणी एका सुकलेल्या मुळ्याला घालते. मुळ्याचं अंतराळयान होतं. (जपानीत मुळ्याला ‘दाइकोन’ म्हणतात, संमेलनाच्या नावावरची ही कोटी.) ‘गनबस्टर’ची बीजं मला या पाणी नेणाऱ्या मुलीत दिसतात.

चाहत्यांनी चाहत्यांसाठी बनवायचं, ही त्यांची रीत. १९८७ च्या मार्चमध्ये त्यांचा पहिला चित्रपट ‘होन्नेआमिसे’ आला. ८० कोटी येन खर्च झाला, तो भरून निघाला नाही, आणि कंपनी कर्जात सापडली. त्यामुळे पुढचं काम विकलं जाणारं हवं होतं. त्या वेळी जपानात थेट व्हिडिओ कॅसेटवर येणाऱ्या मालिकांची बाजारपेठ तेजीत होती. डिसेंबर १९८३ मधल्या ‘डॅलोस’पासून सुरू झालेला हा प्रकार. दूरदर्शन वाहिनी नाही, थिएटर नाही, चाहता दुकानात जाऊन महागडी कॅसेट विकत घेतो. अशा गिऱ्हाईकाला काय आवडतं ते गायनॅक्सला नेमकं ठाऊक होतं, कारण कालपर्यंत ते स्वतः त्याच रांगेत उभे होते. त्याला यंत्रमानव आवडतात, अंतराळयुद्ध आवडतं, आणि सुंदर मुली आवडतात. हारुहिको मिकिमोतो यांनी पात्रं रेखाटली, कोहेई तानाका यांनी संगीत दिलं, लेखनाची जबाबदारी तोशिओ ओकादा यांच्याकडे होती. बाजाराचा विचार करून जुळवलेलं हे सामान होतं, आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही.

दिग्दर्शन हिदेआकी आन्नो यांचं, आणि दिग्दर्शक म्हणून ही त्यांची पहिलीच मालिका. असं सांगतात की दुसऱ्या भागाची संहिता वाचताना त्यांना रडू आलं आणि म्हणून त्यांनी हे काम मागून घेतलं. दुसरा भाग बघितल्यावर त्या गोष्टीवर माझा सहज विश्वास बसतो.

दाराच्या पलीकडे

कथा थोडक्यात अशी. ताकाया नोरिकोचे वडील अंतराळ दलात अ‍ॅडमिरल होते. त्यांचं जहाज लक्सिऑन परग्रहावरच्या महाकाय जीवांच्या हल्ल्यात नष्ट झालं. नोरिको ओकिनावातल्या मुलींच्या अंतराळ वैमानिक शाळेत शिकते. बुडालेल्या जहाजाच्या कप्तानाची पोर म्हणून तिच्या पाठीमागे कुजबुज चालते. यंत्र चालवण्यात ती कच्ची आहे. शाळेची शान आहे अमानो काझुमी. नोरिको तिला ‘ताई’ म्हणावं तशा आदराने हाक मारते. मग नवे प्रशिक्षक येतात, ओता. ते लक्सिऑनवरून वाचलेल्या मोजक्यांपैकी एक आहेत, आणि त्यांना वाचवणारे नोरिकोचे वडील होते. सगळ्यांना अचंबा वाटेल अशी निवड ते करतात: अवकाशात जायला काझुमी आणि नोरिको. जिद्द आणि मेहनत, एवढा एकच मंत्र ते तिला देतात.

इथवर सगळं मुलींच्या खेळकथेतून उचललेलं आहे. कडक प्रशिक्षक, सुंदर आणि अप्राप्य वाटणारी मोठी मुलगी, जळणाऱ्या मैत्रिणी, धडपडणारी नायिका. ‘एस ओ नेराए!’ वाचलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक खूण ओळखू येते.

दुसऱ्या भागात एक अनोळखी वस्तू जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सूर्यमालेकडे येताना दिसते. ते लक्सिऑन असतं. पृथ्वीवर त्या अपघाताला वर्षं उलटली आहेत, पण जहाज इतक्या वेगात आहे की त्याच्यावर जेमतेम दोन दिवस गेले आहेत. दोनच दिवस! म्हणजे बाबा जिवंत असू शकतील. नोरिकोच्या डोक्यात हा हिशेब होतो तो क्षण बघावा. आईनस्टाइनचं समीकरण एका पोरक्या मुलीच्या आशेत बदलतं. गणित तसं सोपं आहे: प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्याचं एक वर्ष म्हणजे मागे राहिलेल्यांची सुमारे सात वर्षं. वेग ९९.९९ टक्के झाला की एकाची सत्तर होतात.

तिथे थांबायला मिनिटंच आहेत, कारण जितका उशीर तितके महिने पृथ्वीवर निघून जाणार. नोरिको ऐकत नाही. मोडक्या जहाजात शिरते, वडील जिथे असायला हवेत त्या नियंत्रणकक्षाच्या दाराशी पोचते. दार उघडतं. पलीकडे कक्ष नाही, उघडं अवकाश आहे. जहाजाचा तेवढा भागच तुटून गेलेला आहे.

हसायला आलेला प्रेक्षक इथे गप्प होतो. या मालिकेच्या स्वीकाराचा पहिला सांधा मी इथेच धरते. पहिल्या दोन भागांची कॅसेट एकच होती, त्यामुळे विनोद आणि त्याच्यावरचा हा घाव एकाच बसणीत बघितले गेले. कुणी फक्त पहिला भाग पाहून ‘ठीक आहे, गंमत आहे’ म्हणत उठला, असं सहसा घडणं शक्य नव्हतं. विक्रीच्या सोयीसाठी केलेल्या जोडणीने इथे आशयाचं मोठं काम केलं.

तिसऱ्या भागात नोरिकोबरोबर लढाईवर जाणारा एक तरुण वैमानिक आहे, स्मिथ टोरेन. तो पडद्यावर येतो, तिला धीर देतो, आणि पहिल्याच चकमकीत नाहीसा होतो. नोरिको भीतीने गोठलेली असते. हे नाव खऱ्या माणसाचं होतं. टोरेन स्मिथ हे जपानी मांगा इंग्रजीत आणणारे, स्टुडिओ प्रोटियसचे संस्थापक. जपानात असताना काही काळ ते गायनॅक्सच्या लोकांबरोबर एकाच घरात राहिले होते. मित्राचं नाव पात्राला द्यायचं आणि त्याला पाचदहा मिनिटांत मारायचं, ही चाहत्यांमधली जवळीक. पण ज्याला यातलं काही ठाऊक नाही त्यालाही तो मृत्यू लागतो. खऱ्या टोरेन स्मिथ यांचं २०१३ मध्ये निधन झालं. तेव्हापासून जुन्या चाहत्यांना हा भाग वेगळाच दिसतो.

किमिको

जपानी लोक या कालविस्ताराला ‘उराशिमा परिणाम’ म्हणतात. उराशिमा तारो हा त्यांच्या लोककथेतला कोळी. कासवाला वाचवल्याबद्दल त्याला समुद्रतळाच्या राजवाड्यात नेलं जातं. तिथे तो थोडे दिवस राहतो, आणि परत येतो तेव्हा गावात ओळखीचं कुणी उरलेलं नसतं. आपल्याकडे याच जातीची कथा भागवतात आहे. रैवत ककुद्मी राजा मुलीला, रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी वर विचारायला जातो. तिथे गायन चालू असतं म्हणून क्षणभर थांबतो. ब्रह्मदेव हसून सांगतात, तू मनात धरलेले वर तर गेलेच, त्यांची मुलं-नातवंडंही काळाआड गेली, सत्तावीस चतुर्युगं उलटली. मग रेवती बलरामाला दिली जाते. लहानपणी ऐकताना ही कथा मला लग्नाच्या गोष्टीसारखी वाटायची. रेवतीच्या मैत्रिणींचं काय झालं, हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

‘गनबस्टर’ने ते विचारलं. नोरिकोची शाळेतली मैत्रीण आहे किमिको. ती वैमानिक होत नाही. पाचव्या भागात नोरिको अवकाशातून परत येते तेव्हा पृथ्वीवर दहा वर्षं गेली आहेत. नोरिको अजून शाळकरी मुलीसारखीच आहे. किमिको आता आई झाली आहे, तिला ताकामी नावाची छोटी मुलगी आहे. दोघी भेटतात, बोलतात. भांडण नाही, तक्रार नाही. तरी बोलताना एक हात अंतर राहतं, ते कुणीच मिटवू शकत नाही.

सहाव्या भागापर्यंत आणखी पंधरा वर्षं जातात. या वेळी काझुमी पृथ्वीवर राहिलेली असते. आजारी ओतांशी तिने लग्न केलं, ते गेलेही. तिच्या चेहऱ्यावर वय दिसतं. ती अवकाशात नोरिकोला भेटते, आणि जिच्या मागे नोरिको धावायची ती ताई आता खरोखरच आईच्या वयाची आहे.

गायनॅक्सने मुलींच्या मांगाचा साचा उचलला तो थट्टेसाठी, यात शंका नाही. पण त्या साच्यातच मोठं बळ होतं. बायकांची आपापसातली नाती, आदर, मत्सर, सोबत, आणि जिवंत माणसाच्या आजारपणाची धास्ती हे सगळं त्या साच्याबरोबर आत आलं. पाचव्या भागात काझुमी यंत्रमानवाच्या आत बसलेली असताना मोडून पडते, कारण ही एक मोहीम म्हणजे पृथ्वीवरचे सहा महिने, आणि ओतांकडे तेवढे दिवस आहेत की नाहीत हे तिला माहीत नाही. तिला सावरणारी नोरिको असते. यंत्रमानव आणि युद्ध बघायला आलेल्या तरुण मुलांना असा प्रसंग त्या काळच्या यंत्रमानव मालिकांत फारसा भेटत नव्हता. त्यांच्या बहिणींच्या मासिकांत तो दर महिन्याला भेटत होता. दोन स्त्रियांच्या नात्यावर उभी असलेली युद्धकथा पुरुष गिऱ्हाईकाने विकत घेतली आणि तिच्यासाठी रडला. माझ्या मते हीच या प्रकरणातली सर्वांत लक्षणीय घटना.

आणखी एक नोंद. मालिका ऑक्टोबर १९८८ ते १९८९ चा उन्हाळा या काळात तीन कॅसेटींमध्ये आली. मधेच, ७ जानेवारी १९८९ ला सम्राट हिरोहितो गेले आणि शोवा पर्व संपलं. जपानी प्रेक्षकाने काळ ओलांडण्याची ही कथा एका पर्वात बघायला घेतली आणि दुसऱ्या पर्वात संपवली.

शेवटचं अक्षर

सहावा भाग कृष्णधवल आहे, आणि पडदाही रुंद. गुरू ग्रह दाबून त्याचा कृष्णविवराचा बॉम्ब केला आहे. तो आकाशगंगेच्या केंद्रात नेऊन फोडायचा आहे. ऐन वेळी स्फोट अडतो, म्हणून नोरिको आणि काझुमी गनबस्टर हा त्यांचा यंत्रमानव घेऊन आत शिरतात. त्या वेगात, त्या गुरुत्वाकर्षणात, परतेपर्यंत पृथ्वीवर किती काळ जाईल हे त्यांना माहीत आहे. नोरिको ओरडते: किमिको, माफ कर, आता भेट होणार नाही.

त्या परत येतात. बारा हजार वर्षं गेलेली आहेत. खाली पृथ्वी काळीकुट्ट, एकही दिवा नाही. माणसं संपली असावीत. मग अंधारात एक दिवा लागतो, आणखी लागतात, आणि बघता बघता त्या दिव्यांची अक्षरं होतात: ‘ओकाएरीनासाई’. चित्रात रंग परततो.

या शब्दाचं भाषांतर इंग्रजीत ‘वेलकम होम’ असं करतात, आणि ते थोडं थंड पडतं. जपानी घरात बाहेर जाणारा ‘इत्ते किमासु’ म्हणून निघतो, म्हणजे शब्दशः ‘जाऊन येते’. परत आल्यावर घरच्यांनी जे म्हणायचं ते ‘ओकाएरीनासाई’. मराठी घरात वेगळं काय आहे? ‘जाते’ म्हणालं की आजी दटावायची, ‘येते म्हणावं’. आणि परत आल्यावर आतून आवाज यायचा, ‘आलीस का गं?’ पृथ्वीने बारा हजार वर्षांनी दिव्यांनी विचारलं ते हेच. मला वाटतं, इंग्रजी उपशीर्षकांतून हा शेवट बघणाऱ्यापेक्षा मराठी माणसाला तो लवकर पोचतो.

आणि त्या शब्दातलं शेवटचं ‘इ’ हे अक्षर उलटं काढलेलं आहे, आरशात दिसावं तसं. बारा हजार वर्षांनंतरच्या माणसांची ती लिपीच नव्हे. कुणीतरी जुनी अक्षरं शोधून, चुकतमाकत गिरवून, या दोघींसाठी लिहिली. एवढं सगळं त्या एका उलट्या अक्षरात आहे. कुठलंही पात्र ते समजावून सांगत नाही. ते बघणाऱ्याने बघायचं.

समुद्रापलीकडे

अमेरिकेत तेव्हा अ‍ॅनिमेचे चाहते मंडळं करून एकमेकांना कॅसेटी पाठवत. भाषा येत नसे, म्हणून कथासार छापलेले कागद सोबत फिरत. १९९० मध्ये यू. एस. रेंडिशन्स या कंपनीने ‘गनबस्टर’ इंग्रजी उपशीर्षकांसह बाजारात आणली. काटछाट न करता, मूळ आवाजांसह, दुकानातून विकत मिळालेल्या तिथल्या अगदी सुरुवातीच्या कॅसेटींपैकी ती एक. याआधी जपानी मालिका अमेरिकी टीव्हीवर यायच्या त्या नावं बदलून, मृत्यू गाळून, कथा शिवून. इथे पहिल्यांदा नोरिकोचा आवाज नोरिकोचाच होता, म्हणजे नोरिको हिदाका यांचा. त्याच १९८८ साली ‘तोतोरो’ या चित्रपटातल्या थोरल्या बहिणीला, सात्सुकीलाही त्यांनीच आवाज दिला होता.

या प्रेक्षकाला ‘एस ओ नेराए!’ माहीत नव्हती. त्यामुळे पहिल्या भागातली थट्टा त्याच्यापर्यंत थट्टा म्हणून पोचलीच नाही. त्याला ती सरळ कथा वाटली, थोडी विचित्र, थोडी भडक. यात नुकसान झालं, पण दुसरीकडे फायदाही. जपानी प्रेक्षक विनोदाकडून गांभीर्याकडे आला. हा प्रेक्षक पहिल्यापासून नोरिकोच्या बाजूने उभा राहिला. ‘जिद्द आणि मेहनत’ हा मंत्र त्याने उपहासाने ऐकलाच नाही.

१९९५ मध्ये आन्नो यांचीच ‘इव्हांजेलियन’ मालिका आली आणि ते जगभर माहीत झाले. त्यानंतर ‘गनबस्टर’कडे येणाऱ्यांची मोठी लाट ‘इव्हांजेलियनवाल्याचं आधीचं काम’ म्हणून आली. या लाटेने मालिका जिवंत ठेवली हे खरं. तरी तिने अन्यायही केला. माणसं नोरिकोत ‘इव्हांजेलियन’च्या नायकाचं, शिंजीचं मूळ शोधू लागली, ओतांमध्ये पुढच्या बापांची छाया. प्रत्येक चौकटीत दिग्दर्शक शोधणाऱ्या नजरेला किमिको दिसत नाही. मीही या लाटेतलीच, म्हणून हे खात्रीने सांगू शकते.

मुलींच्या शरीरावर रेंगाळणारा कॅमेरा हा कायमचा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. गणवेशाची काटछाट, स्नानगृहातला प्रसंग, हे गिऱ्हाईक ओढण्यासाठी केलेलं आहे. काळ तसा होता म्हणून ते माफ करावं असं मला वाटत नाही, कारण पात्रं शाळकरी आहेत. स्त्री प्रेक्षक या मालिकेपासून दूर राहिल्या असतील तर त्याला हे एक सबळ कारण आहे. पण ‘मुली फक्त दाखवण्यापुरत्या’ असं पुढे म्हटलं जातं ते मात्र मालिकेत टिकत नाही. निर्णय त्या घेतात, चुका त्या करतात, शेवटचा त्याग त्यांचा. सोव्हिएत संघातून आलेली वैमानिक युंग फ्रॉइडही काझुमीला थेट आव्हान देते, आणि पुढे हीच युंग मागे थांबून अश्रूंनी निरोप देते. कथेतल्या २०२० च्या दशकात सोव्हिएत संघ जिवंत आहे, तो मालिकेनंतर तीनच वर्षांत संपला. भविष्यावर इतक्या लवकर जुनेपणाचा ठसा क्वचित बसतो.

दिवे कुणी लावले

२००४ ते २००६ मध्ये गायनॅक्सच्या विसाव्या वर्षानिमित्त पुढचा खंड आला, ‘डायबस्टर’. दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी. रंग झगझगीत, हालचाल रबरासारखी, नायिका नोनो नावाची यंत्रमुलगी. सुरुवातीला जुन्या प्रेक्षकांचा हिरमोड झाला. याचा आपल्या मालिकेशी संबंध काय, असाच सूर होता. नोनो एका ‘नोनोरिरी’ची भक्त आहे, ती म्हणजे दंतकथेत विरघळत गेलेली नोरिको. ही गाठ सावकाश उलगडते.

आणि शेवटच्या दृश्यात प्रेक्षकाची जागाच बदलते. १९८९ मध्ये आपण गनबस्टरच्या आत बसलो होतो, खाली अंधारी पृथ्वी बघत. आता आपण पृथ्वीवर उभे आहोत. नोनोची जिवलग लार्क वर बघते आहे. दिव्यांची अक्षरं खाली लागली आहेत आणि आकाशातून दोन प्रकाशरेषा उतरत आहेत. त्या दोघी येत आहेत. तोच क्षण, दुसऱ्या टोकाकडून.

पहिल्या कॅसेटी विकत घेणारा विशीतला तरुण २००६ मध्ये चाळिशीकडे झुकला होता. त्याचं लग्न झालं असेल, मुलं असतील. तो आता किमिकोच्या जागी होता. नोरिकोबरोबर उडणं त्याला शक्य नव्हतं, तिच्यासाठी दिवा लावणं शक्य होतं. ‘डायबस्टर’ने त्याला नेमकी तीच जागा दिली. मालिकेच्या जुन्या प्रेक्षकांनी दुसरा खंड अखेर मनापासून स्वीकारला, याचं कारण मला यातच दिसतं.

मी पहिल्यांदा ‘गनबस्टर’ बघितली ती २००२ मध्ये, पुण्याच्या वसतिगृहात. मैत्रिणीच्या संगणकावर, कुणाकुणाकडून फिरत आलेल्या सीडीवर. चित्र अंधुक, उपशीर्षकं मधेच गायब व्हायची. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला नोरिको व्हायचं होतं, दुसरं काही दिसतच नव्हतं. किमिकोचा प्रसंग मला तेव्हा रेंगाळलेला वाटला, एवढं आठवतं.

कथेत नोरिकोचा जन्म २००६ चा. माझ्या बहिणीची मुलगी २००७ ची. २०२३ च्या दिवाळीत ती नाशिकहून आमच्याकडे आली होती, सोळा वर्षांची, जवळजवळ नोरिकोच्या वयाची. दोन संध्याकाळी आम्ही सहाही भाग बघितले. पहिल्या भागावर ती खूप हसली. स्नानगृहाच्या प्रसंगाला म्हणाली, ‘मावशी, हे कशाला?’ माझ्याकडे समर्थन नव्हतं, तसं मी सांगितलं. लक्सिऑनचं दार उघडलं तेव्हा तिने नकळत माझा हात धरला. पाचव्या भागात किमिको दिसली तेव्हा डोळे भरले ते माझे. तिने वळून माझ्याकडे बघितलं, तिला कळेना मी इथे का रडते आहे. मी काही बोलले नाही. तिला नोरिको व्हायचं होतं, आणि ते तसंच असायला हवं.

शेवटी दिवे लागले. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘मावशी, ते शेवटचं अक्षर चुकलंय ना?’ जपानी तिला येत नाही. पण आधीच्या भागांच्या नावांत तिने ते अक्षर पाहिलं होतं, सुलट.

२०२४ च्या मे अखेरीस गायनॅक्सने टोकियोच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला, ७ जूनला ती बातमी जाहीर झाली. भाचीने मला ती पाठवली आणि खाली विचारलं, आता ‘डायबस्टर’ कधी बघायची.